मुद्राराक्षस आणि 'ध'चा 'मा'

छापील मजकुरातील चुकीचे खापर मराठी वाचक आजवर एकाच व्यक्तीच्या माथी फोडीत आला आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे मुद्राराक्षस. खिळे जुळविणाऱ्याचा हात चुकतो, मुद्रिते तपासणाऱ्याची दृष्टी हुकते, आणि 'अध्यक्षांनी आभार मानले' याच्या जागी 'अध्यक्षांनी आजार मानले' असे छापून येते. वाचक हसतो, संपादक 'मुद्राराक्षसाचा विनोद' म्हणून बाजूला होतो, आणि विषय तेथेच संपतो.

परंतु हे नाव आपण ज्या संस्कृत नाटकावरून उचलले, ते विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' विनोदी मुळीच नाही. नंदांचा निष्ठावंत अमात्य राक्षस याची मुद्रा, म्हणजे नावाची अंगठी, चाणक्याच्या हाती लागते. मग चाणक्य एक पत्र लिहवून घेतो. त्या पत्रात कोणी कोणास लिहिले याचा उल्लेखच नाही. शास्त्री-पंडितांचे अक्षर कितीही जपून लिहिले तरी दुर्बोधच राहते, असे म्हणून तो ते पत्र राक्षसाचा स्नेही आणि वळणदार अक्षराचा लेखक शकटदास याच्या हातून उतरवून घेतो, आणि वर राक्षसाची मुद्रा उठवितो. अक्षर ओळखीचे, मुद्रा खरी, मजकूर मात्र संदिग्ध. पुढे मलयकेतूच्या हाती ते पत्र पडते, त्या रिकाम्या जागा तो आपल्या मनातील संशयाने भरतो, आणि राक्षसाचा सारा डाव कोसळतो.

आपल्या छापखान्यातील मुद्राराक्षसाचे नाव असे मोठ्या घराण्यातले आहे, आणि त्या घराण्याचा धडा आपण सहसा विसरतो. अक्षर चुकणे, सुटणे किंवा संदिग्ध राहणे ही मानवी हाताची मर्यादा आहे. त्या चुकीवर आपली पोळी भाजून घेणारा मनुष्य मात्र निराळा असतो. इतिहास पाहिला तर चुकीचा उपयोग तीन प्रकारांनी झालेला दिसतो. कोणी ती मुद्दाम पेरतो, कोणी तिच्या आड दडतो, तर कोणी तिच्या बळावर हक्क सांगतो. म्हणून कागदावरील अक्षर संशयास्पद दिसले की 'हे कोणी चुकविले' एवढे विचारून भागत नाही. 'याचा लाभ कोणास झाला' हेही विचारावे लागते. हा विचार आपल्या इतिहासातील काही उदाहरणांनी, आणि आपण ज्या नगरीत राहतो तिच्याही साक्षीने, पुढे मांडला आहे.

म्हैसूरची साक्ष प्रथम काढण्यास सबळ कारण आहे. ज्या चाणक्याला विशाखदत्ताने रंगभूमीवर आणले, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ शतकानुशतके केवळ उल्लेखांतून ठाऊक होता. तंजावर प्रांतातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील त्याचे हस्तलिखित म्हैसूरच्या सरकारी ओरिएंटल लायब्ररीच्या स्वाधीन केले. तेथील ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ते वाचून, तपासून १९०९ साली प्रसिद्ध केले आणि १९१५ मध्ये त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर दिले. हे काम आपल्या याच गावात झाले, ही म्हैसूरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिचा पहिला भाग १९६० साली निघाला. शामशास्त्र्यांच्या हाती नसलेल्या प्रती कंगल्यांना मिळाल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे अनेक ठिकाणचे पाठ सुधारता आले. म्हणजे लेखनाचे नियम सांगणारा हा ग्रंथ स्वतःही लेखकांच्या हस्तदोषांतून वाट काढीतच आपल्यापर्यंत पोहोचला.

या ग्रंथात राजशासने कशी लिहावीत याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लेखाचे पाच दोष सांगितले आहेत. काळपट कागद किंवा वेडेवाकडे, फिके अक्षर म्हणजे अकांती. मागच्याशी पुढचे जुळत नाही तो व्याघात. तेच ते पुन्हा लिहिणे म्हणजे पुनरुक्त. लिंग, वचन, काळ आणि कारक यांचा चुकीचा वापर म्हणजे अपशब्द, आणि जेथे तोडावयाचे तेथे न तोडता व जेथे तोडू नये तेथे तोडून अर्थाचा घोटाळा करणे म्हणजे संप्लव. हे सारे दोष आजच्या कोणत्याही कचेरीतील टिपणीत सापडतील. पण याच ग्रंथात पुढे, न्यायसभेतील लेखकासंबंधी लिहिताना, सूर एकदम बदलतो. बोललेले जो लिहीत नाही, न बोललेले जो लिहितो, वाईट बोललेले जो सावरून लिहितो, चांगले बोललेले जो बिघडवून लिहितो, किंवा ज्याच्या लेखनाने अर्थाला फाटे फुटतात, त्याला दंड सांगितला आहे. पहिल्या ठिकाणी दोष लेखाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी लेखकाचा. हा भेद दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकाराला स्पष्ट दिसला होता.

मराठी राज्याच्या दप्तरातही हीच सावधगिरी दिसते. मोडी लिपीत लेखणी न उचलता भरभर लिहावयाचे, त्यामुळे अक्षरे एकमेकांत मिसळत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नसे. असे लेखन वाचणाऱ्याच्या मेहेरबानीवर सोडणे धोक्याचे होते. म्हणून पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि मजकूर जेथे संपतो तेथे मोर्तब, अशी पद्धत पडली. शिवाजी महाराजांच्या मोर्तबातील 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे सर्वांस ठाऊक आहेत. येथे मर्यादा झाली, असा त्यांचा अर्थ. पेशव्यांच्या कागदांवर 'लेखनसीमा' हे शब्द येतात. मोर्तब झाल्यावर त्याखाली एक ओळ जरी कोणी घुसडली, तरी ती चोरी तत्काळ उघडी पडे. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावर पाठीमागून शिक्का उठवीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. कालगणनेचा शुहूर सन तर आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहीत. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. यावरून सन ११७४ निघतो. चाराच्या आकड्याला एक फाटा जोडणे सोपे, पण अर्बाचे खमस करणे कठीण. हीच युक्ती आज आपण धनादेशावर वापरतो. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या १८ व्या कलमानुसार रकमेचे आकडे आणि अक्षरे यांत तफावत पडल्यास अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरली जाते.

वर उदाहरणादाखल दिलेला सन ११७४ हा मृग नक्षत्रापासून, म्हणजे १७७३ च्या जूनपासून सुरू झाला. त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, एवढ्या सावध दप्तराच्या राजधानीत ती घटना घडली, जिच्यावरून मराठीत अक्षरबदलाचा सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार आला. गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. चुलते रघुनाथराव तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे गारद्यांचे नायक वाड्यात घुसले, आणि जीव वाचविण्यासाठी चुलत्यास मिठी मारणाऱ्या पुतण्याला त्यांनी ठार केले.

ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला. त्यात ही हकीकत आहे. रघुनाथरावांनी गारद्यांना नारायणरावांस धरण्याचा अधिकार लेखी दिला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीत तो कागद मिळविला, तेव्हा त्यातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झालेले आढळले, आणि हा फेरफार आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज होता, असे डफ सांगतो. तो मूळ कागद इतिहाससंशोधकांच्या हाती आलेला नाही. उरले आहेत ते दोन शब्द आणि एक समज.

आता प्रारंभी काढलेला प्रश्न येथे विचारून पाहू. 'ध'चा 'मा' झाल्याने गारद्यांना मारण्याचा हुकूम मिळाला, हा एक लाभ झाला. पण 'ध'चा 'मा' झाला या हकीकतीचा लाभ कोणाला? तो रघुनाथरावांना. मी फक्त धरा म्हटले होते, पुढचे अक्षर माझे नव्हे, असे म्हणण्याची सोय या हकीकतीने त्यांना करून दिली. प्रत्यक्ष गादीवर असलेल्या पेशव्याला भाडोत्री शिपायांकरवी पकडविण्याचा कट हाच मुळात राजद्रोह होता. परंतु एका अक्षराकडे सर्वांचे लक्ष लागले, तेव्हा उरलेल्या वाक्याकडे कोणी पाहीनासे झाले. चूक पेरली गेली की नाही हे त्या कागदाबरोबरच गेले. चुकीच्या आड दडणे मात्र उघड दिसते.

रामशास्त्री या आडोशाला फसले नाहीत, हे मराठी न्यायाचे भाग्य. अक्षर कोणी बदलले यावर न थांबता त्यांनी कटाचा कर्ता कोण ते पाहिले. या पापाला देहांतावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांनी नव्या पेशव्यांना तोंडावर सांगितले, आणि पुणे सोडून ते वाईजवळ जाऊन राहिले. न्यायाधीशाने दोष रघुनाथरावांना दिला, पण भाषेने तो आनंदीबाईंना दिला. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने १९०९ पासून ही पात्रे घराघरांत नेली, आणि आजही शाळकरी मुलाला 'ध'चा 'मा' कोणी केला असे विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता एका स्त्रीचे नाव सांगतो. जो कागद कोणी दाखवू शकत नाही, त्यावरून अडीचशे वर्षे एका व्यक्तीला दोषी धरले गेले आहे. आनंदीबाई निर्दोष होत्या असे येथे म्हणावयाचे नाही. पुराव्याच्या अभावी वाक्प्रचाराने निकाल देऊ नये, एवढेच म्हणावयाचे आहे.

या घटनेचा आणखी एक लाभार्थी आपल्या म्हैसूरचा होता. थोरल्या माधवरावांनी ज्याला वारंवार नमविले होते, तो हैदरअली पुण्यातील या दुहीकडे लक्ष ठेवून होता. पेशवाईची वस्त्रे घेतल्यावर रघुनाथराव कर्नाटकाकडे निघाले खरे, पण पाठीमागे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि १७७४ मध्ये कल्याणदुर्ग येथे हैदराशी घाईने समेट करून त्यांना परतावे लागले. माधवरावांनी मिळविलेला मुलूख हैदराने पुढे एकेक करून परत घेतला. पुण्याच्या वाड्यातील त्या कागदाचे पडसाद असे कावेरीच्या काठापर्यंत उमटले.

नारायणरावांच्या वधापूर्वी नऊ महिने, नोव्हेंबर १७७२ मध्ये, थेऊर येथे माधवराव निवर्तले आणि रमाबाई त्यांच्यासह सती गेल्या. ती प्रथा फार जुनी होती, आणि रमाबाईंच्या सहगमनाला कोणत्या ग्रंथातील पाठाची गरज नव्हती. परंतु पुढे इंग्रजी अमलात या प्रथेला वेदाधार आहे काय असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वादाचा कणा एका अक्षरावर येऊन ठेपला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यविधीच्या सूक्तात एक ऋचा आहे. तिच्यात ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांनी 'अग्रे', म्हणजे प्रथम, पुढे व्हावे असे सांगितले आहे. सोळाव्या शतकातील बंगालचे स्मृतिकार रघुनंदन यांच्या ग्रंथात हीच ऋचा सहगमनाच्या आधारादाखल आली, आणि कोलब्रूकने १७९५ साली तिचे इंग्रजी भाषांतर त्याच अर्थाने केले. प्रचलित झालेल्या पाठात 'अग्रे'च्या जागी 'अग्नेः', म्हणजे अग्नीच्या, असा शब्द होता. होरेस विल्सनने १८५४ मध्ये मूळ संहितेवरून ही तफावत दाखविली, आणि मॅक्समुल्लरने तर पुरोहितवर्गावर बुद्धिपुरस्सर फेरफाराचा आरोप केला. तो फेरफार होता की नकलाकाराचा हस्तदोष, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्या सूक्तातील लगेच पुढची ऋचा विधवेला मृताजवळून उठून जिवंतांच्या जगात परत येण्यास सांगते, आणि ती तेथेच, त्याच पानावर होती. एक अक्षर चुकले असे मानले तरी पुढची ओळ न वाचणे याला हस्तदोष म्हणता येणार नाही. सुदैवाने कायदा पाठशुद्धीची वाट पाहत थांबला नाही. बेंटिंकने ४ डिसेंबर १८२९ रोजीच, विल्सनच्या लेखापूर्वी पंचवीस वर्षे, बंगाल इलाख्यात ही प्रथा बंद केली होती.

अशा भेसळीवर उपाय काय, याचे उत्तर एकनाथांनी त्याआधीच आचरून दाखविले होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून प्रती निघताना अपपाठ शिरले होते, कोणी आपल्या ओव्याही मध्ये घातल्या होत्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. स्वतः समर्थ कवी असताना दुसऱ्याच्या ग्रंथात आपला शब्द घालण्याचा मोह त्यांनी आवरला, हे त्या शुद्धीकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

छापखाना आल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. हस्तलिखितात प्रत्येक प्रत निराळी चुकते. छापील ग्रंथाच्या साऱ्या प्रती निदान एकसारख्या चुकतात, आणि शेवटी शुद्धिपत्र जोडता येते. परंतु छापील अक्षराला एक नवेच वजन आले. राजपत्रात छापले गेले म्हणजे तो कायदा झाला. मग तेथील अक्षर चूक की बरोबर, यावर माणसांची नशिबे ठरू लागली. चुकीच्या आधारे हक्क सांगण्याचा तिसरा प्रकार येथून सुरू होतो.

जुन्या म्हैसूर राज्यातील एक खटला या बाबतीत मोलाचा आहे. १९६२ च्या निवडणुकीत बंगलोर दक्षिण या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून मुनिचिन्नप्पा निवडून आले. ते 'वोड्डर' आहेत आणि यादीत नाव 'भोवी' असे आहे, म्हणून ती निवड रद्द व्हावी असा दावा प्रतिस्पर्धी बसवलिंगप्पा यांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये निकाल दिला. राष्ट्रपतींच्या आदेशातील शब्द बदलता येत नाही; परंतु १९५६ पूर्वीच्या म्हैसूर राज्यात भोवी नावाची निराळी जातच नव्हती, तेव्हा तो शब्द कोणास उद्देशून आला याचा पुरावा पाहणे भाग आहे, असे न्यायालयाने मानले. वोड्डर समाजानेच आपणांस भोवी म्हणावे अशी मागणी केली होती, हे सिद्ध झाले आणि निवड कायम राहिली. येथे नावाच्या घोळाचा फायदा घेण्याचा प्रयत्न न्यायालयाने ओळखला आणि शब्दामागचा माणूस शोधून काढला.

मात्र प्रत्येक वेळी असे करता येत नाही. सन २००० मध्ये महाराष्ट्रातील हळबा आणि कोष्टी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निक्षून सांगितले, की यादी जशी आहे तशीच वाचावयाची. तीत भर घालणे वा बदल करणे हे केवळ संसदेचे काम आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. येथे 'र'च्या जागी 'ड' पडला, मूळ शब्द 'धनगर'च होय, असा धनगर समाजातील अनेकांचा दावा. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमान्य केला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे रानोमाळ भटकंती केली त्यांच्या हालांविषयी कोणास शंका नाही. परंतु त्या हालांचे गाऱ्हाणे एका अक्षराच्या वादात अडकून पडावे, ही त्यांच्या दृष्टीनेही दुर्दैवाचीच गोष्ट म्हणावी लागेल.

आपल्या शेजारच्या कोडगू जिल्ह्याकडे पाहिले तर हा विषय थेट आपल्या दाराशी येतो. कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोडगू जिल्ह्यापुरती 'मराठा' अशी एक नोंद आहे आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यापुरती 'मराटी' अशी दुसरी. 'ठ' आणि 'ट' यांतील अंतर एका महाप्राणाचे. या नोंदी त्या-त्या डोंगराळ भागातील विशिष्ट समाजांसाठी आहेत, आणि सोबतच्या कंसातील जिल्ह्याचे नाव हे जणू त्या नोंदीचे मोर्तबच होय. नोकरी-धंद्यानिमित्त येथे आलेल्या कोणा मराठी कुटुंबाने केवळ नामसाम्यावर बोट ठेवून दाखल्याची आशा धरणे म्हणजे एखाद्या वनवासी मुलाच्या ताटातील घास उचलणे. मोहाचे अक्षर समोर छापलेले असताना ते आपल्यासाठी नाही असे म्हणणे, ही कायद्याच्याही आधीची गोष्ट आहे.

संगणकाच्या युगात मुद्राराक्षसाने वेष तेवढा पालटला. टंकलेखन करणाऱ्याचे बोट कोठे घसरेल, याचा हिशेब करून आता लोक आधीच जाळे पसरून बसतात. 'सिफी' या प्रसिद्ध नावाशी एका जोडाक्षराचा फरक असलेले 'सिफ्फी' हे नाव बंगलोरमध्ये दुसऱ्या एका कंपनीने आपल्या संकेतस्थळासाठी घेतले होते. बंगलोरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठविली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. आज बँकेच्या नावात एकच अक्षर इकडचे तिकडे करून वृद्धांची पुंजी लुबाडणारे याच जातीचे. दुवा उघडण्यापूर्वी पत्त्यातील अक्षरे बोट ठेवून वाचावीत, हे आजच्या काळातील मोर्तब तपासणे होय.

चूक सन्मानाने कशी हाताळावी याचाही नमुना म्हैसूरच्याच एका छापखान्यात आहे. येथे रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीमार्फत चलनी नोटा छापल्या जातात. छपाईत एखादी नोट बिघडली तर ती बाद करावी लागते, आणि गड्डीतील क्रमांक तुटतो. २००६ पासून काही नोटांच्या बाबतीत अशी रीत पडली, की बाद नोटेच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालावयाची. तिचे मोल इतर नोटांइतकेच. तारा एवढेच सांगतो, की येथे एक चूक झाली होती आणि ती दुरुस्त केली आहे. कचेरीतील शुद्धिपत्राचे तत्त्व हेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १५२ व्या कलमाने न्यायालयालाही आपल्या निकालातील लेखनदोष केव्हाही सुधारण्याची मुभा दिली आहे, पण त्या निमित्ताने निकालच बदलण्याची मुभा दिलेली नाही.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना याचे महत्त्व अधिक. आपले नाव जन्मदाखल्यावर देवनागरीत, शाळेत इंग्रजीत आणि शिधापत्रिकेवर कन्नडात लिहिले जाते. इंग्रजीत 'ट' आणि 'त' एक होतात, 'ड' आणि 'द' एक होतात. तेथून ते नाव कन्नडात उतरले की मूळ उच्चार अर्धा हरवतो. म्हैसूर या नगरनामालाच इंग्रजी लेखनाने दिलेले वळण सुधारण्यास १ नोव्हेंबर २०१४ उजाडावा लागला, मग माणसांच्या नावांचे काय! तिघा कागदांवर तीन नावे असलेल्या पित्याच्या पश्चात मुलांना वारसा सिद्ध करताना किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आणि कज्जेदलाल, भाऊबंद किंवा तोतया वारस नेमके अशाच विसंगतीवर बोट ठेवतात. म्हणून कर्ता मनुष्य हयात असतानाच ही अक्षरे जुळवून घ्यावीत, जुने मोडी कागद जाणत्याकडून वाचवून त्यांची बाळबोध नक्कल करून ठेवावी, आणि नक्कल मुळाशी ताडून पाहिल्याची सही तिच्याखाली घ्यावी.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांनाही हाच न्याय लागू आहे. खोडलेले अक्षर वाचता येईल असे ठेवावे, वर दुरुस्ती लिहावी आणि बाजूला सही करावी, ही वडीलधाऱ्यांची शिस्त केवळ कारकुनी नव्हे. पुढच्या पिढीने आपल्याविषयी खरे तेच वाचावे, याची ती तजवीज आहे. प्रस्तुत स्मरणिकेच्या अखेरीस एखादे शुद्धिपत्र जोडलेले आढळले तर वाचकांनी हसू नये. त्यातील प्रत्येक दुरुस्ती पेन्सिलीने आपापल्या प्रतीत उतरवून घ्यावी आणि मगच ती प्रत मुलांच्या हाती द्यावी.